बाबेल कुणाच्या दारात पाडायचं

रामदास हिलमने वीस वेळा बाबेलचं राज्य उभं केलं आणि वीस वेळा पाडलं. एकोणीस वेळा ते ओढ्याकडे पडलं. विसाव्या वेळी त्याने ते स्वतःच्या घराकडे पाडलं, आणि त्याची माणसं त्याच्याशी अजून नीट बोलत नाहीत.

कासार आंबोलीच्या मागे, डोंगर उतरून सपाटीला टेकतो तिथे एक ख्रिस्ती शिबिर केंद्र आहे. दोन लांबट इमारती, एक सभागृह, पुढे मैदान. मैदानाच्या पश्चिमेला ओढा, पूर्वेला चढ. त्या चढावर, केंद्राच्या तारेपलीकडे शंभरेक पावलांवर कातवडी होती. कातकऱ्यांची अकरा घरं, कारवीचे कुड, शेणामातीने लिंपलेले, वर आधी गवत आणि नंतर पत्रे. मी केंद्रात मुलांचं नाटक बसवायला तीन उन्हाळे गेले, तेव्हा ती होती. म्हणून 'होती' हा शब्द लिहिताना मला अजून थोडं थांबावं लागतं.

केंद्राचं मे महिन्यातलं शिबिर बंडोपंत गायकवाड मास्तरांनी २००३ साली सुरू केलं. मास्तर मूळचे नगरकडचे, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. पवित्र शास्त्र आणि इतिहास त्यांच्या डोक्यात एकाच कपाटात ठेवलेले असायचे. त्यांची लाडकी गोष्ट शास्त्रातलीच: बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या राजाला, नबुखद्नेस्सरला, एक स्वप्न पडतं. स्वप्नात एक प्रचंड पुतळा. डोकं सोन्याचं, छाती रुप्याची, पोट पितळेचं, पाय लोखंडाचे, आणि पावलं निम्मी लोखंडाची, निम्मी मातीची. मग डोंगरातून एक धोंडा सुटतो, कुणाचा हात न लागता, आणि पावलांवर येऊन आदळतो. सगळं कोसळतं. पकडून आणलेला एक यहुदी तरुण, दानीएल, राजाला अर्थ सांगतो: महाराज, सोन्याचं डोकं म्हणजे तुम्ही. तुमच्यामागून दुसरं राज्य येईल, मग तिसरं, मग चौथं. मास्तर मुलांना फळ्यावर लिहून द्यायचे. सोनं बाबेल, रुपं मेदी आणि पारसी, पितळ ग्रीक, लोखंड रोम. पण फळ्यावरचं राज्य मुलांच्या लक्षात राहत नाही, हे त्यांना पस्तीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं. त्यांना पुतळा हवा होता. खरा, बारा फुटी, आणि खरोखर पडणारा.

रामदास तेव्हा पस्तिशीचा, केंद्राच्या गोठ्याला कुड घालत होता. मास्तरांनी त्याला मैदानात नेऊन काठीने मातीत चित्र काढून दाखवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कामातला दोष सांगितला.

"माती आन लोखंड एका जागी धरत न्हाई, मास्तर."

"माहीत आहे. म्हणूनच हवंय."

"पडंल."

"पडायलाच पाहिजे."

रामदासने पुन्हा चित्राकडे पाहिलं. "मंग बांदायचं कशाला?"

"पोरांना ते पडताना दिसावं म्हणून."

हे उत्तर त्याला पटलं की नाही कुणास ठाऊक, पण काम त्याने घेतलं. आणि मग त्यात असा शिरला की बस. बांबूचा सांगाडा, त्यावर कारवीचं विणकाम, छातीपर्यंत लिंपण. डोक्याला सोनेरी बेगड, छातीला रुपेरी. पोटाला पितळी रंग. पायांना डांबराच्या पिंपाचे कापलेले पत्रे. खरी कारागिरी पावलांत होती. मे महिन्याच्या उन्हात माती दोन-तीन तासांत दगड होते, आणि माती दगड झाली की पुतळा पडत नाही. म्हणून रामदास तीन दिवस पावलांवर ओली बारदानं टाकून बसायचा. दर तासाला ओढ्याची घागर. माती शिजवलेल्या नाचणीसारखी मऊ राहिली पाहिजे, वरून मात्र पावलं घट्ट दिसली पाहिजेत. मी एकदा विचारलं, तेव्हा त्याने मला मातीत बोट खुपसायला लावलं.

"वल्ली हाय तवर पडतंय," तो म्हणाला. "सुकलं की राज पक्कं झालं."

पुतळा पडायचा कुठल्या बाजूला, यावरून मात्र पहिल्याच वर्षी मास्तरांचं आणि त्याचं वाजलं. मास्तरांचा बेत साधा होता. मुलं ओढ्याच्या अंगाला सावलीत बसतील, पुतळा त्यांच्यापासून लांब, चढाच्या दिशेने पडेल. रामदासने नकार दिला. कातवडीत झाड तोडतानासुद्धा शेंडा घरांकडे पडू देत नाहीत. शेंडा ज्याच्या दाराकडे पडला त्याचं घर उठतं, असं ती माणसं मानतात. झाडाचं एवढं, तर राजाचं मढं कसं चालेल? त्याने मास्तरांना सरळ सांगितलं की बाबेल ओढ्याकडे पडेल, नाहीतर उभंच राहील.

मास्तरांनी मानलं. मग सगळी मांडणी उलटी झाली. मुलं चढावर बसू लागली, कातवडीकडे पाठ करून. धोंडा वरून, त्यांच्या मधून घरंगळत यायचा. धोंडा म्हणजे पेंढ्याचा मोठा गोळा, गोणपाटात शिवलेला, वरून लिंपलेला. तो कारवीच्या जाळीमागे अंबाडीच्या दोराने बांधून ठेवायचे. दानीएलचं काम करणारा मुलगा शेवटचं वाक्य बोलला की रामदासची बायको लिलाबाई जाळीमागून विळ्याने दोर तोडायची. हात न लागता सुटलेल्या धोंड्यामागे दर वर्षी लिलाबाईचा हात असायचा. ती त्यावर खूप हसायची. मास्तरांना म्हणायची, तुमच्या देवाला सांगा, औंदा विळा नवा घेऊन दे म्हणून.

पुतळा पडायला मोजून चार सेकंद लागायचे. मुलं किंचाळायची, केंद्राचा माणूस फोटो काढायचा, रामदास लांब उभा राहून तंबाखू मळायचा. कुणी टाळ्या वाजवल्या तर मान वळवायचा.

एकोणीस वर्षं त्याने पडद्यामागून ही व्याख्यानं ऐकली. त्याला शाळा दुसरीपर्यंतची, पण राज्यांचा क्रम तोंडपाठ. एकदा पुण्याहून आलेल्या एका तरुण उपदेशकाने ग्रीकांना पारशांच्या आधी घातलं, तेव्हा मागून पाणी शिंपडता शिंपडता रामदास म्हणाला, "साहेब, पितळ खाली हाय." गावात यावरून त्याची चेष्टा व्हायची. पौडच्या बाजारात लोक विचारायचे, बाटलास का रं रामदास? तो बाटला नव्हता. मास्तरांनी एकदाच त्याला त्या बाबतीत विचारलं होतं. तो म्हणाला होता, आमचे देव डोंगरात हायेत, मी गेलो तर त्यांच्याकडं कोन बघनार? मास्तरांनी पुन्हा विषय काढला नाही. दोघं जन्मभर एकमेकांना जरा भिऊनच मान देत राहिले.

त्या सगळ्या व्याख्यानांत रामदासची आवडती गोष्ट मात्र पुतळ्याची नव्हती. पुतळा त्याचा धंदा होता. आवडती होती ती त्याच्या पुढची. बाबेलच्या राजाने यहुदी लोकांना त्यांच्या गावातून उचलून नेलं. पुढे बाबेल पडलं, पारसी राजा कोरेश आला, त्याने हुकूम काढला की जा, आपल्या गावी जा, आपलं मंदिर बांधा. लोक गेले. बांधायला लागले. तेवढ्यात तिथला अंमलदार आला आणि म्हणाला, तुम्हाला इथे बांधायला कुणी सांगितलं? कागद दाखवा. कागद नव्हता. हुकूम देणारा राजा मेलेला. मग नव्या राजाने, दारयावेशने, दफ्तर तपासायला लावलं. बाबेलच्या दफ्तरात काही मिळालं नाही. शेवटी मेदी मुलखातल्या एका किल्ल्यात गुंडाळी सापडली, तिच्यात कोरेशचा हुकूम लिहिलेला. आणि लोक राहिले.

रामदास ही गोष्ट सांगताना अंमलदाराला 'प्रांत' म्हणायचा. "तितला प्रांत आला नि म्हनला, कागद दावा."

मास्तर २०१९ ला गेले. पुढची दोन वर्षं कोविडमुळे शिबिर भरलं नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत कातवडीला नोटीस आली.

नोटीस प्रियंकाने वाचली. प्रियंका ही रामदासची मुलगी, दहावी झालेली, भुकूमच्या एका सोसायटीतल्या बालवाडीत मदतनीस. तिने दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा वाचल्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. कातवडीखालची जमीन हैबतरावांची होती, ती त्यांनी भूगावच्या एका बिल्डरला विकली होती. खरेदीखतात 'मोकळी जमीन' असं लिहिलं होतं. अकरा घरं कागदावर नव्हतीच. जी घरं नाहीत ती पंधरा दिवसांत काढून घ्यायची होती.

रामदास आणि लिलाबाई हैबतरावांकडे गेले. हैबतराव ओसरीवर खुर्ची टाकून शेंगा फोडत होते. त्यांनी दोघांना बसायला सांगितलं, शेंगा पुढे केल्या. वाईट माणूस नाही तो, हे रामदास मला आजही सांगतो. हैबतरावांच्या वडिलांनी चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी रामदासच्या बापाला रान राखायला आणलं होतं, राहा म्हणून सांगितलं होतं. हैबतरावांनी ते नाकारलं नाही. फक्त विचारलं, कागद केला हुता का कुनी?

लिलाबाई म्हणाली, तुमच्या आईचं बाळंतपण माझ्या सासूनं केलं, त्याचा कागद हाय का तुमच्याकडं? हैबतराव हसले, मग हसणं मध्येच सोडून शेंगा फोडू लागले. त्यांनी जे उत्तर दिलं ते रामदासने मला शब्दाला शब्द सांगितलं.

"माझ्या आज्याचं गाव धरनात गेलं, रामदास. गोऱ्याचं राज हुतं. त्याला कुनी इचारलं न्हवतं. भांडी डोक्यावर घेऊन हितं आला."

"आन मंग त्या राजाचं काय झालं?"

"कंच्या?"

"गोऱ्याच्या."

"गेलं की. तुला ठावं न्हाई व्हय?"

"आन गाव?"

हैबतरावांनी हातातली टरफलं खाली टाकली. "गाव कसं येतंय वर?"

रामदासने नंतर मला सांगितलं की त्या दिवशी परत येताना त्याला पहिल्यांदा वाटलं, मास्तरांनी एक गोष्ट कधी सांगितलीच नाही. पुतळा पडतो, सगळे बघतात. पण तो ज्या जमिनीवर उभा होता, तिचं काय होतं?

पौडच्या कचेरीत एक तरुण अधिकारी बाई होत्या. त्यांनी अकरा घरांच्या माणसांना बसवून घेतलं, पाणी द्यायला लावलं आणि काय लागेल ते स्पष्ट सांगितलं. वीस वर्षांपूर्वी इथे वस्ती होती असं दाखवणारा काहीही पुरावा आणा. तो असेल तर काम थांबवून चौकशी लावता येईल. नसेल तर त्यांचेही हात बांधलेले आहेत. त्यांनी एप्रिलची तारीख दिली.

कातवडी पुरावा शोधायला लागली. विजेचे मीटर सहा वर्षांपूर्वीचे. रेशनकार्डावर हैबतरावांचा घरनंबर. आधारवर नुसतं गाव. प्रियंकाने मोबाईलवर आकाशातून काढलेला जुना नकाशा उघडला, तर तेव्हा छपरं गवताची होती आणि आंब्याखाली होती. वरून नुसता आंबा दिसत होता. केंद्राच्या जुन्या हजेरीबुकात रामदासचं नाव २००३ पासून होतं, समोर पत्ता 'कासार आंबोली'. एवढाच.

आणि मग रामदासला मेदी मुलखातला किल्ला आठवला.

केंद्राचं काम आता मनीष उजागरे बघत होते, मास्तरांच्याच एका विद्यार्थ्याचा मुलगा. सभ्य, घाबरट, कामाला वाघ. केंद्राने एक पत्र द्यावं, एवढंच रामदास मागत होता. आमच्या माहितीप्रमाणे ही वस्ती २००३ पासून आहे. मनीषनी विश्वस्तांना विचारलं. विश्वस्तांनी कळवलं की संस्था स्थानिक वादात पडू इच्छित नाही. आधीच कातकऱ्यांना जवळ करता म्हणून गावात कुजबुज चालते, त्यात आणखी हे नको. मनीष रामदाससमोर मान खाली घालून बसले. रामदासने त्यांना रागावून काही म्हटलं नाही. म्हणाला, पत्र ऱ्हाऊ द्या, मास्तरांची पेटी उघडा.

मास्तरांची पत्र्याची पेटी कोठीत होती. दर वर्षीचे फोटो तिच्यात होते, पाकिटावर साल घालून. सुरुवातीच्या वर्षांचे कागदी फोटो, कोपऱ्यात तांबड्या आकड्यांत तारीख उमटलेले. शिवाय प्रत्येक फोटोत मागे फलक, शिबिराच्या सालासकट. याहून पक्का पुरावा काय असतो? मनीष, रामदास, लिलाबाई आणि प्रियंका, चौघं कोठीत जमिनीवर बसले आणि पाकिटं उघडायला लागले.

२००३. पुतळा उभा. मागे ओढा. २००३. पुतळा वाकलेला. मागे ओढा. २००४. पुतळा, ओढा, लांब पौड रस्त्यावरचा एक ट्रक. २००५. ओढा. प्रियंका फोटो भराभर उलटू लागली, मग हळू, मग थांबली. तिच्या आधी रामदासला कळलं होतं. मुलं चढावर बसायची, कातवडीकडे पाठ करून. फोटो काढणाराही तिथेच उभा राहायचा. प्रत्येक फोटोत कातवडी कॅमेऱ्याच्या पाठीमागे होती. मास्तरांच्या मूळ बेताप्रमाणे पुतळा चढाकडे पडला असता, तर एकोणीस वर्षं, दर वर्षी, बाबेलच्या खांद्यावरून ती अकरा घरं फोटोत दिसली असती. रामदासने बाबेलला घरांकडे पडू दिलं नाही, म्हणून घरं कुठेच नव्हती.

मनीष म्हणाले, अजून बघू. पुन्हा सगळे पाहिले. २००४ च्या एका फोटोत, डाव्या कोपऱ्यात, फोटो काढणारा बहुधा तोल जाऊन वळला असावा. तिथे कारवीची जाळी दिसत होती आणि जाळीतून बाहेर आलेला एक हात. हातात विळा. मनगटावर गोंदणाचे तीन ठिपके आणि खाली एक आडवी रेघ.

तो फोटो घेऊन ते एप्रिलमध्ये पौडला गेले. अधिकारी बाईंनी आधी सगळे फोटो पाहिले. हे काय आहे, त्यांनी विचारलं. रामदास म्हणाला, बाबेल. मग त्याने त्यांना सगळं समजावलं, पुतळा, धोंडा, बसायची जागा, शेंड्याची चाल. बाईंनी मध्ये तोडलं नाही. बाहेर पुढच्या कामाची माणसं खोळंबली होती. शेवटी लिलाबाईने तो एक फोटो टेबलावर ठेवला आणि त्याच्या शेजारी आपलं मनगट. तीन ठिपके, आडवी रेघ.

बाईंनी एकेक ठिपका ताडून पाहिला.

"हात तुमचाच आहे, मावशी," त्या म्हणाल्या. "मला घर पाहिजे."

"हात हाय तर घर नसंल व्हय गं बाय?"

बाईंनी फोटो फाईलला लावून घेतला, पोच दिली. दहा दिवसांनी निकाल आला. पुरावा अपुरा. पावसाळ्याआधी जागा मोकळी करावी.

मे महिन्यात शिबिर होतं. मनीषनी रामदासला सांगितलं, या वर्षी पुतळा राहू दे. रामदास म्हणाला, न्हाई, करतो. आणि नेहमीपेक्षा दोन दिवस आधी कामाला लागला.

मी त्या वर्षी तिथे होते. त्याने सांगाड्याचा मोठा बांबू या वेळी ओढ्याच्या नव्हे, चढाच्या बाजूला झुकवून पुरला, हे मला कळलं नाही. लिलाबाईला लगेच कळलं. ती तारेतून वाकून आत आली, बांबूला हात लावून पाहिला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तोंड कुनीकडं केलंयस?"

"घराकडं."

"आपल्या हातानं?"

"पोरं औंदा खाली बसतील. फोटू खालनं निघंल. घरं येतील त्यात."

"त्या बाईनं निकाल दिलाय. कुनाला दावनार हायेस फोटू?"

रामदास बारदान पिळत होता. "हुकूम काढनारा राजा मेला हुता," तो म्हणाला. "कागद दुसऱ्या राजाला घावला. लई वर्सांनी. पर कुनीतरी ठिवला हुता म्हनून घावला."

"आन तवर आमी काय खाली झोपायचं, गुंडाळीत?"

ती तरातरा निघून गेली. जाताना म्हणाली, दोर तोडायला दुसरी बघ. कातवडीत ही बातमी तासाभरात फिरली. रामदासचा चुलता सावळ्या, ऐंशीच्या पुढचा, काठी टेकत तारेपाशी आला. त्याने पायातली चप्पल काढली, तारेला टेकवून ठेवली आणि अनवाणी परत गेला. असं का केलं, हे मी कुणाला विचारलं नाही.

पुतळ्याच्या दिवशी मुलं ओढ्याच्या अंगाला बसली. मनीष कॅमेरा घेऊन त्यांच्या मागे. रामदासने त्यांना चार वेळा जागा बदलायला लावली, डाव्या बाजूचं शेवटचं घर फोटोत येईना म्हणून. दानीएल झालेला मुलगा, चिंचवडचा एक चुणचुणीत सातवीतला, शेवटचं वाक्य बोलला आणि डोंगराकडे हात केला.

धोंडा आला नाही.

मुलगा माझ्याकडे बघू लागला. नाटकात अशी वेळ आली की आम्ही म्हणतो, थांब, मोठं कर, पुन्हा बोल. मी खुणेने तेच सांगितलं. त्याने वाक्य पुन्हा म्हटलं, मोठ्याने. उन्हात सोनेरी डोकं डोळ्यांना टोचत होतं. पावलांतली माती एव्हाना वरून सुकत चालली होती, आणि रामदास तिच्याकडे पाहत होता, दुसरीकडे कुठेच नाही.

मग वर लिलाबाई दिसली. ती दर वर्षीसारखी जाळीमागे बसली नव्हती. जाळीच्या पुढे येऊन, सगळ्यांना दिसेल अशी ताठ उभी राहिली आणि तिने विळ्याने दोर तोडला.

धोंडा आला, पावलांवर आदळला. चार सेकंद. पितळ, रुपं, सोनं, सगळं चढाच्या दिशेने आडवं झालं. डोकं निसटून तारेपर्यंत घरंगळत गेलं आणि सावळ्याच्या चपलांपाशी थांबलं. या वर्षी मुलं किंचाळली नाहीत. मला वाटतं, मोठी माणसं गप्प झाली की मुलांना कळतं.

शिबिर संपून आठ दिवस झाल्यावर दोन जेसीबी आले. सकाळी अकरा वाजता सुरुवात झाली, मध्ये चालकांनी जेवण केलं, साडेचारला संपलं. कारवीचा कुड धक्क्याने पडत नाही, वाकतो. रामदासच्या घराचा कुड तीनदा वाकला आणि तीनदा उभा राहिला. शेवटी यंत्राने तो मुळापासून उपटला. चालकाने खाली उतरून विचारलं, कुणी बांधलंय हे?

अकरा घरं सहा ठिकाणी गेली. चार वीटभट्ट्यांकडे, काही पाहुण्यांकडे. सावळ्या जुलैत वारला, परक्या वाडीत. त्याच्या दिवसांना रामदास गेला, तेव्हा त्याला पान वाढलं, पण शेजारी कुणी बसलं नाही. बाबेलचं तोंड त्याने घराकडे केलं, म्हणून घरं उठली, असं ती माणसं म्हणतात. नोटीस फेब्रुवारीत आली होती, निकाल एप्रिलमध्ये, पुतळा मे महिन्यात. प्रियंका हे बोटांवर मोजून दाखवते. रामदास तिला गप्प करतो.

"त्यांना कुनावर तरी ढकलायचं असंल," तो म्हणतो. "हैबतरावावर ढकललं तर उद्या त्याच्याच रानात कामाला जायाचं हाय."

रामदास आणि लिलाबाई आता भूगावात एका बांधकामावर राखणीला आहेत. पत्र्याची खोली, समोर सळयांचा ढीग. लिलाबाई त्याच्याशी बोलते, पण पुतळ्याचा विषय निघाला की उठून चुलीकडे जाते. एकदा मात्र ती चुलीपाशी बसूनच म्हणाली, दोर मी तोडला, त्यानं न्हाई. तेवढंच.

फोटो चांगला आलाय. पडणारा पुतळा डावीकडे, आणि त्याच्या खांद्यावरून अकराच्या अकरा घरं, आंब्यासकट. मधोमध लिलाबाई, हातात विळा, जाळीच्या पुढे. कोपऱ्यात तारीख. मनीषनी तो मोठा करून आणला, चौकटीत बसवला आणि रामदासला बोलावून घेतलं. सभागृहात मास्तरांच्या तसबिरीशेजारी लावायचा त्यांचा विचार होता. मला वाटतं, पत्र देता आलं नाही त्याची टोचणी होती त्यात.

रामदासने फोटो चौकटीतून बाहेर काढायला लावला. प्रियंकाला मागच्या पांढऱ्या बाजूवर लिहायला सांगितलं. कुठलं घर कुणाचं, डावीकडून उजवीकडे, अकरा नावं. बाप कोण, कुठल्या सालापासून. सावळ्याचं नाव आलं तेव्हा प्रियंकाने विचारलं, मयत लिहू का? तो म्हणाला, फोटूत हाय तवा जिता हुता, तसंच लिव्ह.

मनीष म्हणाले, भिंतीवर सगळ्यांना दिसला असता, रामदासदादा.

"भित्तीवरचं रंग देताना काढत्यात," रामदास म्हणाला. "पेटीत ठिवा."

त्याने स्वतः पेटी उघडली. २००३ पासूनची पाकिटं वर काढली, फोटो तळाशी ठेवला, त्यावर पाकिटं सालवार परत लावली. कडी घातली. मग खिशातून अंबाडीच्या दोराचा तुकडा काढला, एका टोकाला विळ्याने तोडल्याची तिरकी खूण असलेला, आणि पेटीला दोन वेढे देऊन गाठ मारली.